चौदावं पान

प्रादेशिक वाहतूक समितीच्या बैठकीत अकरा शहरांच्या पुढच्या पिढ्यांचं भवितव्य ठरतं. असं समितीच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापलेलं आहे. दुसऱ्या पानावर गाड्या कुठे लावायच्या आणि चहा किती वाजता येईल ते दिलेलं आहे, आणि बहुतेक सदस्य वाचायला सुरुवातच दुसऱ्या पानापासून करतात.

पूलवाले मात्र पहिल्या पानावर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी होते. महापालिकेत ते वाहतूक विभागाचे उपअभियंता. ‘पूलवाले’ हे नाव त्यांना कचेरीने दिलं होतं, तेही त्यांनी एकही पूल बांधला नव्हता म्हणून. सहा वर्षं ते एकच पूल मागत होते. शहराच्या मधोमध रेल्वेचं फाटक होतं, ते दिवसातून तेवीस वेळा बंद व्हायचं. घरं फाटकाच्या अलीकडे, इस्पितळ पलीकडे. फाटकावरून पूल हवा, याबद्दल दुमत नव्हतं. पण तो शहराच्या एकट्याच्या ऐपतीबाहेरचा होता. म्हणून प्रादेशिक निधी.

त्याची रीत अशी, की प्रत्येक शहराने दर तीन वर्षांनी एक काम सुचवायचं आणि शहर आपला ठरलेला वाटा उचलेल असा ठराव सोबत जोडायचा. समिती कामांना गुण देणार, पहिल्या पाचांना पैसे मिळणार. तीनदा मागे राहिलेलं काम कायमचं बाद. पूल पहिल्यांदा सातवा आला होता, दुसऱ्यांदा सहावा. ही तिसरी खेप.

बैठकीच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी काठी टेकत दारापर्यंत येऊन त्यांना निरोप दिला. गेल्या वर्षी न्हाणीघरात पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि इस्पितळात नेणारी गाडी फाटकाशी सतरा मिनिटं उभी होती. त्या सतरा मिनिटांत त्यांनी कण्हत कण्हत मालगाडीचे डबे मोजले होते. अठ्ठावन्न. तो आकडा घरात कुणी विसरू नये याची त्या पुरेपूर काळजी घेत.

“जावईबापू, आज तरी पूल घेऊन या.”

“बघतो.”

“गेल्या वेळीही बघूनच आलात. आणि येताना दूध आणा.”

समितीत मत महापौरांचं असतं, त्यामुळे गाडीत महापौर होते. ते अर्जाची फाईल मानेखाली घेऊन झोपले होते. अर्ध्या वाटेत एका खड्ड्याने फाईल घसरली. पूलवाल्यांनी ती उचलली, सहज चाळली आणि चौदावं पान परत एकदा वाचलं.

चौदाव्या पानावर शहराचा ठराव होता. खाली सही, गोल शिक्का, ‘एकमताने मंजूर’. वर लिहिलं होतं: ‘नदीकाठच्या बस आगाराच्या कामाचा वाटा हे शहर उचलेल.’

शहराला नदी नव्हती.

घडलं ते असं. शेजारच्या शहराच्या वाहतूक अभियंता मॅडम आणि पूलवाले यांच्यात एक जुना समझोता होता. अर्ज चाळीस पानांचा. ज्याचा आधी लिहून होईल त्याने तो दुसऱ्याला पाठवायचा. दुसऱ्याने शहराचं नाव, लोकसंख्या आणि काम तेवढं बदलायचं. बाकीचं, म्हणजे तळमळ, दोन्ही शहरांची सारखीच असे. यंदा मॅडमनी आधी लिहिला होता, आणि बदलायच्या जागा आठवणीने पिवळ्या केल्या होत्या. पूलवाल्यांनी त्याचा छापील कागद काढला आणि त्यावर पेनने बदल केले. कचेरीतल्या प्रिंटरला मात्र काळा सोडून दुसरा रंग ठाऊक नव्हता. बाकीच्या जागा त्यांना अनुभवाने सापडल्या. चौदावं पान सुटलं. सर्वसाधारण सभेने त्यावर अर्धा तास चर्चाही केली होती. एका नगरसेवकांनी तर नदीकाठी झाडं लावावीत अशी उपसूचना दिली होती.

“काय झालं?” महापौरांनी डोळे न उघडता विचारलं.

“काही नाही. खड्डा होता.”

“आपल्या हद्दीतला?”

“नाही.”

“मग ठीक आहे,” म्हणून महापौर परत झोपले.

सभागृहात पोचल्याबरोबर पूलवाल्यांनी मॅडमना चहाच्या टेबलाशी गाठलं आणि पान दाखवलं. मॅडमनी ते वाचलं. बिस्किट अर्धं बुडालेलं तसंच राहिलं आणि कपात पडलं.

“अहो, पिवळं केलं होतं की मी!”

“आमच्याकडे पिवळं छापत नाही.”

“छापत नाही म्हणजे? फोन नाही करायचा? आता तुमचं शहर आमचं आगार बांधणार, आणि तुमच्या पुलाला वाली कोण?”

“तेच विचारायला आलोय.”

“गप्प बसा. चाळीस पानं कोण वाचतंय?”

“सचिव वाचतात.”

सचिव वाचायचे, हे खरं होतं. ओळीखाली फूटपट्टी धरून वाचायचे.

बैठक सुरू झाली. गुणांचा कच्चा तक्ता भिंतीवर दिसत होता. आगार चौथं, पूल नववा. एकेक शहर पुकारलं जात होतं, मान हलत होती, टिकमार्क पडत होता. सातव्या क्रमांकाला पूलवाल्यांचं शहर पुकारलं गेलं आणि सचिवांनी त्यांची फाईल उघडली. फूटपट्टी खाली सरकू लागली. पूलवाले तिच्याकडे बघत होते. तेरावं पान उलटलं. फूटपट्टी थांबली.

“या चौदाव्या पानावर मी जरा अडलोय,” सचिव म्हणाले. “ठरावात नदीकाठच्या बस आगाराचा वाटा उचलायचं म्हटलंय. ते आगार शेजारच्या शहराचं ना?”

सभागृहात कुणीतरी खोकलं. पूलवाले उठले. त्यांच्या डोळ्यांपुढून एकामागून एक अठ्ठावन्न डबे गेले.

“साहेब, त्याचं असं झालं, की...”

“बसा हो, बसा.” सचिवांनी चष्मा काढला. “बावीस वर्षं मी इथे आहे. आपल्या तक्त्यात ‘आंतरशहर सहकार्य, पंधरा गुण’ असा एक रकाना आहे. कुणाला माहीत तरी आहे का?”

कुणालाच माहीत नव्हतं.

“बावीस वर्षांत तिथे एक आकडा पडलेला नाही. ज्याला त्याला आपलाच पूल, आपलंच आगार. आज पहिल्यांदा एक शहर शेजाऱ्याच्या कामाला पैसे द्यायला निघालंय. एकमताने! झाडांसकट!” त्यांचा आवाज जरा घोगरा झाला. मग त्यांनी चष्मा परत लावला आणि तो घोगरेपणा संपला. “पण एक अडचण आहे. मग पुलाचा वाटा कोण उचलणार? वाट्याशिवाय काम यादीत ठेवता येत नाही.”

पूलवाल्यांनी तोंड उघडलं.

“आम्ही,” मॅडम म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना वळल्या. मॅडम उभ्या होत्या, पदरावर बिस्किटाचा चुरा होता आणि चेहऱ्यावर काहीही नव्हतं. “आमच्या शहराचं तसंच ठरलंय. ते आमचं आगार करणार, आम्ही त्यांचा पूल. वाटा नियमाने सगळ्यांचा सारखाच आहे.” त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या नगराध्यक्षांना हे आत्ताच कळत होतं, पण पंधरा गुण हे शब्द त्यांनी ऐकले होते. त्यांनी जोरात मान हलवली.

“ठराव?”

“सोमवारी सभा आहे. मंगळवारी तुमच्या टेबलावर असेल.”

मागच्या रांगेतून एका शहराचे प्रतिनिधी म्हणाले, “रक्कम सारखीच आहे, तर दोघांनी आपापलंच का नाही दिलं?”

सचिवांनी फूटपट्टी त्यांच्याकडे रोखली. “याच वृत्तीमुळे तुमचा रकाना रिकामा आहे,” ते म्हणाले, आणि त्यांनी दोन ठिकाणी पंधरा लिहिले. आगार पहिलं गेलं, पूल दुसरा.

टाळ्यांनी महापौर जागे झाले. “काय झालं?”

“पूल मंजूर झाला, साहेब. शेजारच्या शहराला मदत केल्याबद्दल.”

“मीच सुचवलं होतं ते,” महापौर म्हणाले, आणि आभाराचं भाषण करायला उठले.

पूलवाल्यांचा जीव भांड्यात पडला, तो इतका जोरात, की त्यांना एकदम भूक लागली. बाहेर येऊन त्यांनी उभ्याउभ्या सहा बिस्किटं खाल्ली. मॅडम आल्या.

“कसे आभार मानू तुमचे?”

“पुढचा अर्ज तुम्ही लिहून. आणि एक रंगीत प्रिंटर मागवा.”

“मागवलाय. पूल पहिल्यांदा मागितला त्याच वर्षी.”

घरी पोचले तेव्हा सासूबाई पुढच्या खोलीत वाटच बघत होत्या. पूलवाल्यांनी चपला काढायच्या आत सांगून टाकलं, “मंजूर झाला.”

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले आणि लगेच सावरून विचारलं, “कधी होणार?”

“पुढच्या वर्षी आराखडा. मग रेल्वेची परवानगी, मग निविदा. सहा वर्षं धरा.”

“म्हणजे मी एक्क्याऐंशीची.”

“हो.”

“चालेल. तोवर मी पडत नाही.” त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. “दूध?”

दूध राहिलं होतं. त्या दिवशी घरात कुणीही त्यावरून त्यांना बोललं नाही.

गुरुवारी सासूबाईंना तपासणीसाठी पलीकडे न्यायचं होतं. पूलवाले सतरा मिनिटं हाताशी ठेवून निघाले. फाटक उघडं होतं.