साक्षीदार क्रमांक दोन

भावनानं आदेशाची प्रत गेटच्या गजांतून आत धरली आणि चौकीदार ती घेईना, म्हणून तशीच धरून ठेवली. सकाळची पाळी आत जात होती. बाजूच्या लहान दारातून बाया पदर सावरत, डबे छातीशी धरत शिरत होत्या. नव्या बायांनी तिच्याकडे वळून पाहिलं. जुन्यांनी पाहिलं नाही.

"घ्या ना," ती म्हणाली. "कागद हाये. चावत नाई."

"मले साहेबाची ऑर्डर नाई, बाई. साहेब येऊ द्या."

"तुमच्या साहेबाहून मोठ्या साहेबाची ऑर्डर हाये ही. नागपूरच्या हायकोर्टाची."

चौकीदारानं खांदे उडवले आणि तो आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. भावनानं हात मागे घेतला नाही. हात भरून आला तेव्हा तिनं तो दुसऱ्या हातानं धरला.

अकोल्याच्या एमआयडीसीतली ही डाळ मिल. आत तुरीच्या टरफलांची धूळ उडत होती आणि तिचा तो कडवट, भाजका वास गेटपर्यंत येत होता. याच धुळीत भावनानं तरुणपण घालवलं होतं. आणि मग एका दुपारी सोबत काम करणाऱ्या माणिकबाईचा पदर मशीनच्या पट्ट्यात गेला. पट्टा चालू होता, पदर गुंडाळत गुंडाळत गळ्यापर्यंत आला होता, माणिकबाईचे डोळे पांढरे झाले होते. भावना धावली आणि तिनं लाल बटन दाबलं. सगळी लाईन बंद पडली. माणिकबाई वाचली. लाईन पुन्हा चालू व्हायला मात्र अर्धा दिवस गेला, माल अडकला, ट्रक उभे राहिले. पट्ट्यावर जाळी नव्हती, ती का नव्हती, हे कोणी विचारू नये म्हणून मिलनं भावनालाच विचारलं: परवानगीशिवाय मशीन का बंद केली?

चौकशी मिलच्याच वकिलानं केली. माणिकबाईला तोवर बाळापूरला तिच्या भावाकडे पाठवून दिलं होतं. बटन दाबलं तेव्हा भावनाच्या शेजारी एकच बाई उभी होती. चंदा. दोघी एकाच वस्तीतल्या. एकीच्या डब्यातली भाजी दुसरीच्या डब्यात जायची. चंदाच्या पोराला गोवर आला तेव्हा भावना तीन रात्री तिच्या घरी बसली होती. चौकशीत चंदा म्हणाली, पदर पट्ट्यात गेलाच नव्हता. भावनाबाईनं मुद्दाम बटन दाबलं. तिला बायांना भडकवायचं होतं.

भावनाला काढून टाकलं. नुसतं काढलं नाही, गैरवर्तनाचा शिक्का मारून काढलं. त्यानंतर एमआयडीसीतल्या एकाही मिलनं तिला दारात उभं केलं नाही. ती कापूस वेचायला गेली, लग्नाच्या पंगतींना पोळ्या लाटायला गेली. वस्तीत तिचं नाव कोर्टवाली बाई पडलं. लेकीच्या, आरतीच्या सोयरिकीच्या वेळी मुलाच्या काकानं सगळ्यांसमोर विचारलं, "यांची कोर्टात काय भानगड चालू हाये म्हणे?" आरती चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी होती. भावनाला ते अजून आठवायचं आणि दाताखाली खडा यावा तसं व्हायचं.

अकोल्याच्या लेबर कोर्टात ती जिंकली. मिल वरच्या कोर्टात गेली, आणि त्या कोर्टानं तो निकाल फिरवला. तेव्हा कोणीतरी तिला अमरावतीच्या उत्तमराव वकिलांकडे जायला सांगितलं. बडनेऱ्याला उतरून, ऑटोनं, मग पायी. उत्तमराव म्हातारे होते, कानानं थोडे जड होते, आणि फाईल वाचताना पुटपुटत शिव्या द्यायचे. ते तिला नागपूरला घेऊन गेले. नागपूरला नुसतं थांबण्यातच वर्षं गेली. शेवटी निकाल आला: सोबतच्या कामगाराचा जीव वाचवायला यंत्र बंद करणं हे गैरवर्तन नाही, ते कर्तव्य आहे. लेबर कोर्टाचा आदेश कायम. भावनाला कामावर परत घ्या, मधली वर्षं नोकरीत धरा.

"पेपरात आलं, बाई," उत्तमराव म्हणाले होते. "आता दुसऱ्या जिल्ह्यातले वकील तुमच्या नावानं निकाल दाखवतीन."

"अन् मी कामावर कधी जाईन?"

निकाल इंग्रजीत होता. उत्तमरावांनी तिला तो मराठीत सांगितला, पण तिनं एकाच ओळीखाली त्यांच्याकडून पेनानं रेघ मारून घेतली: चौकशीतली साक्षीदार क्रमांक दोन खोटं बोलली आहे, तिच्या शब्दावर विसंबता येत नाही. कर्तव्य वगैरे ठीक होतं. भावनाला ही ओळ हवी होती. वस्तीत चंदाच्या दारावरून जाताना ती मनात ही ओळ घोळवायची आणि मुद्दाम हळू चालायची.

मॅनेजर आला तेव्हा ऊन वर आलं होतं. त्याचं नाव कुलदीप. त्या वेळी तो साधा सुपरवायझर होता; चौकशीच्या टेबलाशी चंदाच्या मागे हाताची घडी घालून उभा होता. त्यानं गाडीची काच खाली केली, भावनाकडे पाहिलं, आणि हसला.

"भावनाबाईंना बाहेर का उभं केलं? घ्या आत. कोर्टाचा आदेश आहे."

त्यानं तिला ऑफिसबाहेरच्या बोळात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं.

"साहेब, काम?"

"कोर्टानं कामावर घ्या म्हटलं. घेतलं. पगार मिळेल." तो केबिनचं दार उघडत म्हणाला. "काय काम द्यायचं ते कोर्टानं लिहिलेलं नाही. बसा."

ती बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. येणारे-जाणारे दलाल तिच्याकडे पाहायचे, कोणी चपराशी समजून पाणी मागायचं. जेवणाच्या सुटीत ती शेडमध्ये गेली की बाया डबे उचलून सरकायच्या. तिच्याशी बोललेली बाई दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या यादीतून गळते, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. बोळाच्या खिडकीतून डाळ चाळायच्या मोठ्या चाळण्या दिसायच्या. चंदा अजून तिथंच उभी असायची, जाड झालेली, केस पांढरे. इतकी वर्षं झाली तरी तिला कायम केलेलं नव्हतं. खोटं बोलून हेच मिळवलं का, असं भावनाच्या मनात यायचं आणि तिच्या मुठी मांडीवर आपोआप आवळायच्या. घरी येऊन ती भांडी इतक्या जोरात घासायची की शेजारीण म्हणायची, बाई, पितळ झिजून जाईन.

पुढच्या आठवड्यात एके दिवशी चंदाला ऑफिसात बोलावणं आलं. भावनाच्या खुर्चीवरून जाताना तिनं मान खाली घातली. केबिनचं दार कुलदीपनं उघडंच ठेवलं. मुद्दाम ठेवलं असावं.

"वाचता येतं ना? घ्या. उद्यापासून येऊ नका."

"काहून पण, साहेब? मी काय केलं?"

"मी नाही म्हणत, हायकोर्ट म्हणतं." त्यानं निकालाची प्रत पुढं सरकवली. "साक्षीदार क्रमांक दोन. तुम्हीच ना? चौकशीत खोटं बोललात. कंपनीची बेअब्रू झाली. खोटं बोलणारा माणूस आम्ही ठेवू शकत नाही. कोर्टाचा मान राखायला पाहिजे."

"साहेब, तुमीच तं मले..."

"मी काय?"

 चंदानं हात पाठीमागे नेले. कामावरून काढल्याचं पत्र टेबलावर तसंच पडून होतं.

"घेत नाही? बरं." कुलदीपनं दाराबाहेर पाहिलं. "भावनाबाई, जरा आत या."

भावना आत गेली. तिच्यापुढं त्यानं दुसरा कागद ठेवला, त्यावर पेन ठेवला.

"चंदाबाईंनी तुमच्यासमोर पत्र नाकारलं. साक्षीदार म्हणून सही करा. वाचून घ्या, एक शब्द खोटा नाही." मग आवाज उतरवून, घरच्या माणसाशी बोलावं तसं तो म्हणाला, "उद्यापासून ती खुर्ची काढून टाकू. चाळणीवर त्यांची जागा रिकामी होतेच आहे. तुमचीच होती ना ती?"

भावनानं कागद वाचला. खरंच त्यात खोटं काही नव्हतं. तिनं पेन उचललं. चंदा भिंतीकडे पाहत होती. तिच्या मानेवर घाम होता आणि त्यात तुरीची धूळ चिकटून चिखल झाला होता. आपण एवढी वर्षं या बाईला अशीच उभी पाहायची वाट पाहिली, हे भावनाला स्वच्छ समजलं. तेवढंच स्वच्छ हेही समजलं की ही वेळ तिला या माणसानं आणून दिली आहे, ताटात वाढून.

तिनं पेन कागदापासून दूर धरलं.

"चंदे," ती म्हणाली. "पत्र घे."

चंदानं चमकून पाहिलं.

"घे म्हनते ना! नाई घेतलं तं तू काम सोडून पयाली असं लिहितीन. घे, अन् खाली लिही. पत्र मिळालं, मजकूर मान्य नाई. सही कर, तारीख टाक. याची झेरॉक्स माग."

"भावनाबाई," कुलदीप म्हणाला. आता तो हसत नव्हता. "नीट विचार करा."

"विचार कराले तुमीच तं खुर्ची देल्ली, साहेब. दुसरं काय केलं मी आठ दिवस?"

तिनं पेन चंदाच्या हातात कोंबलं. चंदाची अक्षरं एकमेकांवर चढली. भावना तिच्या खांद्याशी उभी राहून एकेक शब्द सांगत होती, शाळेतल्या कडक मास्तरणीसारखी, आणि मजकूर मान्य नाही यातला नाही सुटला तेव्हा तिनं तो पुन्हा लिहायला लावला.

पाळी सुटल्यावर गेटबाहेर चंदा तिच्या मागे धावत आली. तिनं वाकून तिचे पाय धरायचा प्रयत्न केला. भावना दोन पावलं मागे सरली.

"हात लावू नको मले."

"भावना, माय, मी तुले..."

"काई बोलू नको. इतवारी सकायच्या गाडीनं अमरावतीले चाल. वकिलाकडं. गाडीत मायासंग बोलाचं नाई."

रविवारी दोघी समोरासमोरच्या बाकांवर बसल्या. मूर्तिजापूरला चंदानं फडक्यातून भाकरी सोडली, अर्धी पुढं केली. भावना खिडकीबाहेर पाहत राहिली. कपाशीची बोंडं फुटली होती, शेतं पांढरी झाली होती. भाकरीचा तो अर्धा तुकडा बडनेऱ्यापर्यंत चंदाच्या हातात तसाच राहिला.

उत्तमरावांनी पत्र वाचलं आणि त्यांच्या ठेवणीतली एक शिवी पुटपुटले.

"आपल्याच निकालानं मारून राहिला हा माणूस." त्यांनी चष्मा काढला. "चंदाबाई, नीट आयका. केस होते. पण एकाच गोष्टीवर उभी राहीन. तवा खोटं बोलल्या ते कोणाच्या सांगण्यावरून, हे कोर्टात शपथेवर सांगा लागन. समोरचा वकील फाडून खाईन तुमाले. पेपरातही येईन. जमन?"

चंदानं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

"तं मग आता सांगा, मी लिहून घेतो." मग ते भावनाकडे वळले आणि थोडं घुटमळले. "भावनाबाई, तुमी बाहेर बसता का जरा?"

"नाई," भावना म्हणाली. ती दाराशी उभी होती आणि तिथून हलली नाही.

चंदा टेबलाच्या कडेशी बोट फिरवत राहिली. मग बोलायला लागली. आवाज दारापर्यंत जेमतेम पोचत होता.

"माणिकबाईचा पदर पट्ट्यात गेल्ता. मी पायला. गयापर्यंत आल्ता. भावनानं बटन दाबलं नसतं तं बाई जाग्यावर गेली असती. कुलदीप साहेब म्हणे, पदर नव्हता असं सांग, नाई तं तुलेई काढतो. पोरगं लहान होतं माह्यं. म्हून मी तसं बोल्ली."

"तसं म्हणजे?"

"खोटं."

उत्तमराव टेबलावर पार ओणवे होऊन, कान तिच्याजवळ नेऊन ऐकत होते. त्यांनी शेवटचा शब्द लिहिला, पूर्णविराम दिला. खोलीत पंखा फिरत होता.

"वकील साहेबाले आयकू नाई आलं," भावना म्हणाली.

उत्तमरावांनी मान वर केली. सगळं पुढ्यातल्या कागदावर उतरलेलं होतं. त्यांनी एकदा भावनाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि कागदावर तळहात ठेवला.

"परत सांग. मोठ्यानं."

चंदानं पदरानं तोंड पुसलं. खुर्ची मागे सारून ती उभी राहिली, दाराकडे वळली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.