करपलेला लाडू आणि शुभ्र साडी

डोळे मिटा बघू. मिटलेत? जो एक डोळा किलकिला ठेवलाय तोसुद्धा मिटा.

आता समजा, तुमच्या पुढ्यात बेसनाच्या लाडवांचं ताट आहे आणि त्यात कुणीतरी एक टपोरं जांभूळ ठेवून दिलंय. येणारा-जाणारा काय म्हणेल? "अरेरे, एक लाडू करपला की!" बिचाऱ्या जांभळाचा काही दोष नाही, पण म्हणेल. आता तेच जांभूळ उचला आणि पांढऱ्याशुभ्र बशीत ठेवा. तेच जांभूळ, तीच साल. पण आता तिची निळसर झाक चमकायला लागते आणि आपला हात आपोआप पुढे जातो. हात मागे घ्या. जांभूळ आपल्याला अजून लागणार आहे. उघडा डोळे.

निपाणीत अशा जांभळांचं एक घर होतं. चौथीतल्या मैत्री नावाच्या मुलीचं. तिची आज्जी तानीबाई, वडील प्रेमानंद, आत्या रचना आणि स्वतः मैत्री, सगळ्यांचा रंग एकाच झाडाचा. गर्द सावळा, आतून किंचित निळसर. केस काळेकुळकुळीत, आज्जीचे तेवढे पिकलेले, आणि डोळ्यांतलं पांढरं इतकं लख्ख की लाईट गेली तरी माणूस सापडावा.

या घरात कुणी काय घालायचं हे तानीबाई ठरवायची. तिचा नियम एकच. "आपुन काळी माणसं. आपुन फिकं घालावं, पिवळसर घालावं. म्हंजे उजळ दिसतंय."

मग काय! बदामी, लिंबोणी, अबोली, पिठलं. हो, पिठलं हासुद्धा त्या घरात एक रंग होता. कुठल्याही लग्नाच्या फोटोत हे कुटुंब दवाखान्याच्या रांगेतून थेट मांडवात आल्यासारखं दिसायचं. लोकांना आधी कपडे दिसायचे, आणि मग बऱ्याच वेळानं त्यात माणसं असल्याचं कळायचं.

मैत्रीच्या हे ध्यानात आलं ते शाळेत. चित्रकलेच्या माधवी बाईंनी एकदा वर्गात रंगीत घोटीव कागद आणले आणि मुलांना एकमेकांच्या हनुवटीखाली धरायला लावले. "कागदाकडं बघू नका," बाई म्हणाल्या, "चेहऱ्याकडं बघा. चेहरा पुढं आला की मागं गेला, तेवढं सांगा." गव्हाळ रंगाच्या आदर्शला हळदी आणि विटकरी कागद असे शोभले की तो दिवसभर तेच धरून हिंडला. मैत्रीला हळदी कागद लावला तेव्हा वर्ग म्हणाला, "ताप आलाय हिला." पांढराशुभ्र लावला, निळा लावला, राणी रंगाचा लावला, तेव्हा शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा बघायला पुढे आली. बाईंनी समजावलं, "हिचे केस बघा, डोळे बघा. सगळं कसं ठळक आहे. ठळक चेहऱ्याला शेजारीही ठळक लागतो. आणि हिच्या रंगात निळी झाक आहे, म्हणून पिवळ्याशी तिचं भांडण होतं."

मैत्रीनं हे घरी सांगितलं. आज्जी म्हणाली, "तुज्या बाईला म्हणावं, भात शिजवून दाव."

आता रचना आत्याचं लग्न ठरलं होतं. आत्या बेळगावात दातांची डॉक्टर. लग्न विहारात, नवरीला पांढरी साडी. पण पांढरं म्हणजे कुठलं पांढरं? आज्जीनं ते कधीच ठरवून टाकलं होतं. मोतिया! पिवळट, सायीसारखा, त्यावर सोनेरी काठ. आणि ओठांना नारिंगी लिपस्टिक.

बस्त्यासाठी सगळे गाडीतून बेळगावला निघाले. बस्ता म्हणजे लग्नाच्या सगळ्या कपड्यांची एकदाच, एका जागी बसून केलेली खरेदी. आज्जी पुढे बसून झोपली होती. मागे आत्या मैत्रीच्या कानाशी लागून म्हणाली, "मैत्रे, दवाखान्यात पांढरा एप्रन घातला की आरशात मी मला आवडते गं. लग्नात पण तसंच दिसावं. एवढंच वाटतंय."

"मग आज्जीला सांग की."

"न्हाय गं. मी तुज्याएवढी असताना एका लग्नात कुणीतरी विचारलं, 'ही काळी पोर कुणाची?' आई भरल्या पानावरनं उठली. मला हाताला धरलं नि चालत घरी आली. तवापासनं माज्यासाठी फिके रंग हुडकतीया. तिला कसं सांगू, तुजं चुकतंय म्हणून?"

आत्या सांगणार नव्हती. म्हणजे मैत्रीलाच काहीतरी करायला हवं होतं, आणि तेही बस्ता बांधायच्या आत. कारण आपल्याकडे बांधलेला बस्ता दुकानात पुन्हा सोडत नाहीत. गाठ बसली की ती घरीच सुटायची.

खडेबाजारातल्या दुकानात मालक मारुतीराव दारातच उभे होते. "बर्री आक्का, कुंड्री!" असं कानडीत या-बसा म्हणत त्यांनी आज्जीला गादीवर बसवलं. चहा आला. साड्यांचे ढीग आले. छताला पिवळे दिवे असे ओळीनं लावले होते, की त्यांच्याखाली भेंडी धरली असती तर तीसुद्धा सोन्याची वाटली असती. मोतिया साडी त्या उजेडात झळाळली.

"ह्येच," आज्जी म्हणाली. "काय गं रचना?"

"तू म्हणशील तसं, आई," आत्या म्हणाली आणि चहाच्या कपात बघत बसली.

आज्जीनं स्वतःला बदामी घेतली. मैत्रीला लिंबोणी फ्रॉक घेतला. मैत्रीनं फ्रॉककडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि मग बाबांच्या खिशातल्या मोबाईलकडे पाहिलं.

"आज्जी, तुजा फोटो काढू?"

फोटो म्हटलं की तानीबाई कुठलंही काम सोडून पदर सारखा करायची. "काढ की."

"हितं न्हाय. दारात चल. आतल्या लाईटीत मोबाईलला तू दिसंनास." हे खोटं होतं. पण मैत्रीला हवा होता तो बाहेरचा खरा उजेड, आणि तो मिळवायला यापेक्षा सोपी थाप तिला सुचली नाही.

आज्जी दारात खुर्ची टाकून बसली. मैत्रीनं ती मोतिया साडी तिच्या खांद्यावर पसरली, फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली एक अक्षर लिहिलं नाही. नुसता फोटो.

मोबाईल लगेच टुणटुणला. पहिला आवाज आला निपाणीहून, घर राखायला मागे राहिलेल्या देवाप्पा आजोबांचा, म्हणजे आज्जीच्या नवऱ्याचा. "प्रेम्या, तुज्या आईला ऊन लागलंय काय रं? लिंबूसरबत पाज तिला आदी!"

त्यामागोमाग आज्जीची जाऊ मंगल, काकतीहून. "आक्का, बीपीची गोळी घेतलासा न्हवं? डोळं आत गेल्यात."

आज्जीचे डोळे आत नव्हते, चांगले बाहेर आले. "हिच्या डोळ्यात काय पडलंय? मी ठणठणीत हाय! मोबाईलच खराब हाय ह्यो. परत काढ."

"काढते," मैत्री शहाण्यासारखी म्हणाली. मग आत जाऊन तिनं ढिगातून एक साडी ओढून आणली. दुधासारखी नव्हे, चुन्यासारखी पांढरी. गडद निळा काठ. ती तिनं आज्जीच्या खांद्यावर टाकली. खुर्ची तीच, ऊन तेच, आज्जीही तीच. फोटो ग्रुपवर गेला.

या वेळी मंगलकाकूचं उत्तर यायला जरा वेळ लागला. "आक्का, ह्यो जुना फोटो व्हय? कदीचा हो? लई झ्याक दिसतायसा."

आणि आजोबा म्हणाले, "कोण ही बाई?" थोडं थांबून, "जय भीम, बाई."

प्रेमानंद खो खो हसत सुटला. मारुतीरावांनी तोंडावर गमछा धरला. आज्जी लटक्या रागानं म्हणाली, "म्हातारं चावट हाय," आणि बाहेरच्या काचेत स्वतःला एकदा पाहिलं. डावीकडून पाहिलं. उजवीकडूनही पाहिलं. पांढरे झालेले केस आणि तो पांढरा पदर, आणि मधे तिचा काळाभोर, तेजदार चेहरा. असं काही आपल्या मानेवर आहे हे जणू ती पहिल्यांदाच बघत होती.

"मारुतीराव, ती बदामी ऱ्हाऊ दे. मला ही द्या."

"आणि आत्याला?" मैत्रीनं विचारलं.

"तिचं ठरलंय. नवरी उजळ दिसाय पायजे. असल्या पांढऱ्यावर काळं लई उठून दिसतंय."

"उठून दिसू दे की! लग्न तिचंच हाय न्हवं?"

"तुला कळत न्हाय, गप."

एवढ्यात आत मारुतीरावांच्या माणसांनी मोतिया साडी घडी करून सगळ्यांत वर ठेवली, कापड ओढलं आणि गाठ मारली. बस्ता बांधला गेला. आत्यानं ती गाठ बघितली आणि उगाचच स्वतःची पर्स उघडून बंद केली.

पण आज्जीच्या खांद्यावरून काढलेली ती चुन्यासारखी साडी अजून मैत्रीच्या हातात होती. तिनं दुसऱ्या हातानं आत्याला धरलं आणि ओढत दारात आणलं.

"मैत्रे, आगं, सोड!"

"पाच मिंटं. हितं उभी ऱ्हा. पर्समदी काय हाय तुज्या?"

आत्या लाजली. पर्समध्ये एक लिपस्टिक होती, पिकल्या जांभळाच्या रंगाची. कधीतरी घेतलेली, झाकणही न उघडलेली. "आईला आवडणार न्हाय म्हणून…"

"लाव."

आत्यानं लावली. मैत्रीनं खुर्चीवर चढून साडीचा पदर तिच्या डोक्यावरून, खांद्यावरून घेतला आणि ती बाजूला झाली.

खडेबाजारातून एक बाई भाजीची पिशवी घेऊन चालली होती. ती थांबली. साडीकडे नव्हे, आत्याच्या चेहऱ्याकडे बघून हसली आणि पुढे गेली. आत्याचे डोळे लख्ख झाले होते. ओठ ठळक, दात शुभ्र. तिचा रंग एका कणानंही उजळला नव्हता. होता तसाच गर्द होता. पण आता तो झाकायची वस्तू वाटत नव्हता.

आज्जी उंबऱ्यात उभी होती.

"काळी दिसतीया," ती हळूच म्हणाली.

"ती काळीच हाय, आज्जी," मैत्री म्हणाली. "आजारी न्हाय."

आज्जीनं नाक ओढलं. पदरानं डोळा पुसला आणि उन्हालाच दोष दिला. मग मागे वळून अशा आवाजात म्हणाली की शेजारच्या भांड्यांच्या दुकानातही ऐकू गेलं, "मारुतीराव! बस्ता सोडा!"

"आक्का, बांधलेला बस्ता सोडत न्हाईत."

"मग ह्यो सोडल्याला पयला. त्या मोतियाला ठेवा बाजूला, ती मंगलला देते. ती गव्हाळ हाय, तिला सोनं वाटंल. म्हंजे माज्या गोळ्यांची चौकशी करायची थांबंल." मग आत्याच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "आगं, हे तू आदी का न्हाय सांगितलंस?"

आत्यानं तिच्या गळ्यात हात टाकले. लिपस्टिकचा डाग आज्जीच्या गालावर उमटला. तिथेही तो शोभला.

बस्ता सुटला. ढिगातून तसलीच दुसरी साडी निघाली आणि चुन्यासारख्या दोन्ही साड्या आत गेल्या. मारुतीराव पुन्हा गाठ मारायला वाकले आणि आज्जी म्हणाली, "आता पुरं! आता कुणाचंबी काय बदलायचं न्हाय."

बस्त्यात सगळ्यांत वर होता मैत्रीचा लिंबोणी फ्रॉक.

मैत्रीनं हट्ट केला नाही. रडली नाही. वादही घातला नाही. तिनं फक्त तो फ्रॉक हळूच उचलला, हनुवटीखाली धरला, जीभ बाहेर काढली आणि गादीवर आडवी पडली. मग बाबांचा मोबाईल आज्जीच्या हातात देऊन अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आज्जी, फोटो काढ. आजोबांना पाठवू."