पिंपाला हात

“बरणीला हात नको लावू हं, बेटा.”

कोबीच्या आंबट पानाची जाड शीर सुरीने तासताना गौरांगीला तो आवाज पुन्हा ऐकू आला. नागपूरच्या एका अंगणातला, गुळासारखा मऊ. त्यात राग असता तर ती कदाचित विसरूनही गेली असती. तिने पान उताणं केलं, सुरी आडवी धरली आणि शीर हलकेच काढून टाकली.

“अजून जाड आहे,” समोरच्या खुर्चीतून ओमा म्हणाली. “चप्पल गुंडाळणार आहेस का त्यात?”

गौरांगीने शीर पुन्हा तासली.

ओमा म्हणजे तिची सासू, कातारिना; नात झाल्यापासून सगळेच तिला ओमा, म्हणजे जर्मनमध्ये आजी, म्हणत. रोमानियातल्या बानात भागातली जर्मन. तिच्या गावात घरी जर्मन बोलत, बाजारात रोमानियन, आणि चुलीवर दोन्ही. म्हणून नाताळच्या आदल्या दिवशी कॅनडातल्या विनिपेगच्या या स्वयंपाकघरातही दोन्ही लागत. टेबलभर चादर अंथरून तिच्यावर स्ट्रूडल या गोड गुंडाळीचं पीठ ओढायचं, खालची फुलं दिसतील इतकं पातळ. आणि मोठ्या पातेल्यात सारमाले: डुकराचा खिमा, तांदूळ, कांदा, भरपूर शेपू, सगळं आंबवलेल्या कोबीच्या पानात बोटाएवढं गुंडाळलेलं. बोट ओमाचं. गौरांगीचं कुठलंच बोट तिला पसंत नव्हतं.

घरही ओमाचंच होतं. गौरांगीचा मिसळणाचा डबा गराजमध्ये राही, उणे तिशीच्या थंडीत. हिंगाचा वास पडद्यांना लागतो म्हणे. कांदा चिरायला गौरांगी चाले, खिमा मळायला चाले, पातेली घासायला तर चालेच चाले. तळघरातल्या निळ्या पिंपाला मात्र तिचा हात चालत नसे. फॉलमध्ये, हिवाळ्याच्या तोंडावर, कोबीचे अख्खे गड्डे मिठाच्या पाण्यात ओमाच रचायची, वर दगड ठेवायची, आणि मग दर दोन-चार दिवसांनी तळाशी रबरी नळी सोडून तोंडाने फुंकायची. तळाचं पाणी वर, वरचं खाली. फुंकलं नाही तर पाणी बुळबुळीत होतं आणि कोबी सडते. एका पिंपाला एकच हात, हा तिच्या गावचा नियम.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात गौरांगी मदतीला म्हणून झाकणाशी वाकली होती. ओमाने तिचं मनगट धरून बाजूला केलं.

“तुझा हात नको.”

दिवसभर गौरांगी प्रयोगशाळेत शहराच्या पाण्याचे नमुने तपासायची. अख्खं विनिपेग ज्या पाण्याने तोंड धुई, ते तिच्या हाताखालून जाई. घरी आल्यावर एका पिंपापाशी तोच हात ती खिशात घाली.

सकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला होता.

“काहून गं, तोंड असं उतरलं?”

“सारमाल्यांचा दिवस आहे, आई.”

“सासू बोलते का धड?”

“बोलते ना. हुकूम सोडते.”

“म्हातारं माणूस आहे, सोडून दे बाप्पा. तू काय लहान आहेस?”

गौरांगी हसली होती. आईला ते अंगण ठाऊक नव्हतं.

हातातलं पान बोटांवरून घसरलं. तिने ते नाकाशी नेलं. आंबट वासाच्या खाली आणखी एक वास होता, साचलेल्या डबक्याचा.

“ओमा, पिंप ठीक आहे ना?”

“तुझ्या बोटांचा वास आहे तो. हिंगाचा.”

“आठवडाभर हिंगाला शिवले नाहीये मी.”

“मग जुना असेल.”

दोघींमधली भाषा इंग्रजी, दोघींनाही उसनी. पण टोचायला पुरेशी. बाहेर तिचा नवरा मार्कुस ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होता. फावड्याची खरखर खिडकीतून येत होती. संध्याकाळी त्याची बहीण, मेहुणे, मुलं, सगळे जेवायला येणार होते.

ओमा काठीवर जोर देऊन उठली. “अजून पानं लागतील.”

“मी आणते.”

ओमाने काठी पुढे टाकली. ती भिंत धरत तळघराच्या जिन्याकडे गेली, आणि तिच्या मागोमाग गौरांगीची सहा वर्षांची मुलगी ईशिता धावली.

“ओमा, कॅन आय ब्लो द बबल्स? प्लीज?”

गौरांगीने पुढचं पान घेतलं. खिम्याचा गोळा ठेवला, कडा दुमडल्या, गुंडाळलं. एवढ्यात खालून आवाज आला.

“नाइन! नाही! हात काढ! नॉट युवर हँड!”

ईशिता जिना चढून आली ती उजवा तळवा लेगिंग्जवर घासतच. रडत नव्हती. नुसती घासत होती, पुन्हा पुन्हा, जणू काही चिकटलंय.

“काय झालं, पिल्लू?”

“आय जस्ट टच्ड द वॉटर. ओमा सेज आय स्पॉइल्ड इट. द होल थिंग.” तिने तळवा उलटा करून पाहिला आणि पुन्हा घासला. “माय हँड इज बॅड फॉर इट, ममा.”

गौरांगीने तो हात धरून थांबवला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग सुरी सिंकमध्ये टाकली आणि जिना उतरली.

पिंपाचं झाकण बाजूला होतं. ओमा उपड्या बादलीवर बसली होती, नळीचं टोक तोंडात, गाल फुगलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या. पाणी मात्र ताटासारखं स्थिर. एक बुडबुडा नाही. वर पांढरी साय धरली होती. ओमाचे ओठ जांभळे पडले, नळी सुटली आणि ती खोकत राहिली.

खोकला थांबल्यावर तिला पायरीवर उभी असलेली सून दिसली.

“मुलीने हात घातला,” ती म्हणाली. “सगळं पिंप गेलं. मार्कुसने विचारलं तर सांग, मुलीने हात घातला.”

“आणि लगेच सडलं?”

ओमाने बाहीने तोंड पुसलं.

गौरांगी पुढे आली. नळीचं टोक तिने शर्टाला पुसलं, गुडघ्यावर बसली आणि फुंकलं. तळातून गुडगुडत बुडबुडे आले आणि त्यांच्यासोबत असा वास आला, की दोघींनीही तोंड फिरवलं.

“हे आजचं नाही, ओमा.”

“नाही.”

“कधीपासून?”

“न्यूमोनिया झाला तेव्हापासून छातीत वारा राहत नाही.” ओमाने काठी दोन्ही हातांनी आवळली. “माझ्या मुलीला कळलं की ती मला म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवणार. तिने जागा बघूनही ठेवली आहे. तिथे उकडलेलं गाजर देतात आणि लाल जेली. जा, सांग वर. तुला बरंच होईल.”

“हो, मला बरंच होईल,” गौरांगी म्हणाली. “पण मी सांगणार नाही. फक्त तुम्ही ईशिताला सांगा, की तिच्या हाताने काही झालं नाही.”

“लहान आहे ती. संध्याकाळी स्ट्रूडल खाईल आणि विसरेल.”

“नाही विसरत.”

“सगळी मुलं विसरतात.”

गौरांगीच्या हातात नळी तशीच होती. तिचं पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळत होतं. ती इंग्रजीत बोलायला गेली आणि तोंडातून भलतंच, मराठी बाहेर आलं.

“काकू, तुमच्या लोणच्याला माझ्या हाताने काही झालं नव्हतं.”

“काय?” ओमाने डोळे बारीक केले. “काय म्हणालीस?”

मग गौरांगी इंग्रजीत म्हणाली, सावकाश, एकेक शब्द खाली ठेवत.

“मी ईशिताएवढी होते. मैत्रिणीच्या अंगणात लोणच्याची बरणी उन्हात ठेवलेली होती. मांजर आलं, म्हणून मी ती उचलून ओट्यावर ठेवली. मैत्रिणीची आई बाहेर आली. ओरडली नाही. हात नको लावू हं, बेटा, म्हणाली. आम्ही कोण, कुठल्या वस्तीतले, तिला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना ते सगळं लोणचं उकिरड्यावर दिसलं. तेलासकट. मी दिवसभर हात फ्रॉकला पुसत होते. आईला अजून सांगितलेलं नाही.” तिने नळी पिंपाच्या कडेवर ठेवली. “या पिंपापाशी तुम्ही मला तेच म्हणालात. मी ऐकून घेतलं. माझ्या मुलीला ते घेऊन झोपू देणार नाही.”

“मी त्या अर्थाने म्हणाले नव्हते.”

“अर्थ तुमच्यापाशी राहिला. शब्द माझ्याकडे आले.”

ओमा पाण्याकडे बघत राहिली. सायीवर आता भोकं पडली होती. बाहेरची खरखर थांबली. वर दार उघडलं, बुटांवरचा बर्फ झाडल्याचा आवाज आला.

ओमाने काठी जमिनीवर आपटली.

“ईशिता! खाली ये.”

ईशिता शेवटच्या पायरीवर येऊन थांबली. उजवा हात पाठीमागे.

“हात दाखव.”

मुलीने आईकडे पाहिलं. मग हात पुढे केला. ओमाने तो धरला, दिव्याखाली नेला, आधी उताणा केला, मग पालथा, पानाची शीर तपासावी तसा.

“मॉम?” वरून मार्कुसची हाक आली. “हा वास कसला?” त्याची पावलं जिन्यावर वाजली. एक पायरी, मग दुसरी.

गौरांगी जागची हलली नाही. ओमाने वर पाहिलं नाही, आवाजही खाली आणला नाही. छातीत होता तेवढा सगळा वारा एकवटून ती म्हणाली,

“तुझा हात चांगला आहे. पाणी आधीच सडलं होतं. ओमाला फुंकता येत नाही आता.”