पुढचे बारा महिने

झाकणावर पांढऱ्या रंगाने ‘एलित्सा’ असे लिहिले होते. शेवटच्या अक्षरापाशी रंग संपत आला असावा, कारण ते अक्षर नुसते ओरखड्यासारखे उमटले होते. शेजारच्या झाकणावरही एलित्साच. त्याच्या शेजारी ‘मुले’. झ्लातकाने मांडीवरचे जनगणनेचे अर्ज सावरले आणि उगाचच फळीवरच्या बरण्या मोजल्या – चौतीस, सगळ्या भाजलेल्या लाल मिरचीच्या, आणि घरात खाणारी माणसे दोन. चाळीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवून जडलेली ही खोड: समोर काही आले की आधी मोजायचे, मग त्याच्याविषयी काय वाटते ते पाहायचे. अलीकडे दुसऱ्या भागाला वेळ उरत नसे... की उरू दिला जात नसे?

“लिहा,” शेजारचा गेत्सो म्हणाला. “मी, योर्दान्का, एलित्सा आणि एलित्साची दोन पोरं. पाच झाले.”

“एलित्सा कुठं असते, गेत्सोदादा?”

“माहीत असून काय विचारता, बाई. स्पेनला.”

“किती वर्षं झाली?”

“नऊ. पण ऑगस्टात येते ना.”

“दोन आठवडे.”

“गेल्या साली सोळा दिवस होती. दोन दिवस जास्तीचे धरा की.”

अंगणात मिरच्या भाजत बसलेली त्याची बायको योर्दान्का हात पुसत दारात आली. तिच्या बोटांना करपलेली साले चिकटली होती. “तू कुणाला सांगतोयस? एलित्साला हिनं नापास केलं होतं, आठवतं ना? उत्तर बरोबर होतं पोरीचं. एकक लिहायचं राहिलं, तेवढ्यासाठी.”

“एककाशिवाय ते उत्तर नव्हतंच, योर्दान्का.”

“बघ. तीस वर्षं झाली, अजून मार्क देत नाही.”

तिघेही थोडे हसले. मग झ्लातकाने अर्जामागची व्याख्या पुन्हा वाचून दाखवली, गेले चार दिवस दारोदार वाचली होती तशीच: माणूस सलग बारा महिने जिथे राहिला आणि पुढचेही बारा महिने जिथे राहणार आहे, ते त्याचे राहण्याचे ठिकाण. व्याख्या चांगली होती. तीत पळवाट नव्हती. आणि तरीही प्रत्येक घराने तीच चूक केली होती – कुणी जर्मनीतला मुलगा, कुणी इटलीत म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी सून, कुणी तर तिकडेच जन्मलेला, या गावाची धूळही पायाला न लागलेला नातू इथलाच म्हणून सांगितला होता. तेवीस माणसे तिने नाकारली होती. ही लबाडी असती तर काम सोपे होते. पण लबाड माणूस नजर चुकवतो, आणि ही माणसे तिला हाताला धरून खोलीत नेत, दर शनिवारी बदललेल्या चादरी दाखवत, हा बघा त्याचा बिछाना, म्हणत... जणू गैरहजेरी हा राहण्याचाच एक प्रकार असावा.

“बरण्या तुमच्या समोर आहेत,” गेत्सो म्हणाला. “ज्याच्या नावानं घरात हिवाळ्याची बेगमी होते, तो त्या घरचा नाही? मग कुठला?”

“ते मी नाही म्हणत. इथं राहत नाही, एवढंच.”

“आणि बस गेली की? माझा डोळा असा. तालुक्याला औषधाला जायचं कसं? पाठीवर घेणार मला?”

हाच खरा प्रश्न होता, आणि गावात तो सगळ्यांना पाठ होता. नगरपालिकेने कळवले होते: चाळीस माणसे भरली नाहीत, तर मंगळवार-शुक्रवारची बस बंद. झ्लातकाने अर्जावर दोन नावे लिहिली. गेत्सो त्या दोन ओळींकडे बराच वेळ पाहत राहिला. मोतीबिंदूमुळे त्याला त्या दिसत असतील की नाही, शंकाच होती.

“किती झाले?”

“एकोणचाळीस.”

“तुम्हाला धरून?”

“मला सोडून.”

“मग झाले की चाळीस!” त्याने गुडघ्यावर थाप मारली. “उगाच घाबरवलंत. तुम्ही काय, स्पेनला निघालात?”

योर्दान्काने एक बरणी उचलून तिच्या हातात दिली. काच अजून कोमट होती. झाकणावर नाव नव्हते. झ्लातकाने आभार मानले आणि उत्तर द्यायचे टाळले – म्हणजे खोटे बोलली नाही. हा फरक आपल्याला किती दिवस पुरणार आहे, असे तिला फाटकातून बाहेर पडताना वाटले.

स्पेनला नाही. जर्मनीला, कासेलला. चौदा नोव्हेंबर, एकेरी तिकीट. नऊ दिवसांपूर्वी, रविवारी, फोनवर ल्युबेनला ती हो म्हणाली होती आणि गावात अजून कुणालाही सांगितले नव्हते. तिचा मुलगा तिथे शहराची बस चालवतो. त्यांना चालक मिळत नाहीत, आपल्याला प्रवासी... ही तुलना तिला एकदा सुचली होती आणि इतकी नेटकी वाटली की लगेच तिचा संशय आला. आताचा हा चाळीसचा आकडाही तसाच. आकडे असे बेताचे येऊन थांबतात तेव्हा मोजणाऱ्याने आधी स्वतःला तपासावे, असे मीच मुलांना सांगत असे – मोजणाऱ्याने, स्वतःला.

त्यांच्या रस्त्यावर चौदा घरे बंद होती. फाटकांवर मृतांच्या स्मरणाचे छापील कागद, जाऊन चाळीस दिवस, सहा महिने, वर्ष झाले की लावलेले. काहींवरचे चेहरे उन्हाने इतके पुसले होते की नाव वाचूनच ओळख पटावी. तिच्या फाटकावर तिच्या नवऱ्याचा, पेन्कोचा कागद होता. तीन वर्षांचा. चौथ्या वर्षीचा कोण लावणार?

आणि फेब्रुवारी. ते विसरून कसे चालेल. अंगणात बर्फावर पाय घसरला आणि खुब्यातून उठता येईना. आडवी पडून ती मनगटावरचे घड्याळ पाहत राहिली, कारण दुसरे पाहण्यासारखे काही नव्हते. एक तास चाळीस मिनिटे. मग गेत्सो आला. तुमच्या धुराड्यातून धूर दिसेना म्हणून आलो, म्हणाला – हाच, अक्षर न दिसणारा गेत्सो. ल्युबेनला हे कळले तेव्हा तो फोनवर एवढेच म्हणाला, आई, खोली तयार आहे. तर मला इथून न्यायचे कारण आणि मला इथे उचलणारा माणूस, दोन्ही एकाच सकाळी...

तिने स्वयंपाकघरात बसून शेवटचा अर्ज उघडला. नाव. जन्मवर्ष. शिक्षण. अक्षर सुबक, एकसारखे. मग तो प्रश्न: पुढचे बारा महिने येथेच राहण्याचा विचार आहे काय? होय. नाही. दोन चौकोन, सारख्याच आकाराचे. पेन ‘नाही’वर आले आणि तिथेच थांबले. ‘होय’वर खूण केली तर तेवीस माणसांकडे, तेवीस बिछान्यांकडे मला परत जावे लागेल, त्यांनाही मोजायला, आणि ‘नाही’वर केली, तर शुक्रवारी गेत्सो रस्त्यावर उभा राहील. विचार आहे काय, असे विचारले होते. विचार ही मोजायची गोष्ट आहे का? तिचे एकक कोणते?

ती उठली. जिरेनियमना दोन दिवस पाणी घातलेले नव्हते. तांब्याची झारी भरून ती दाराबाहेर न जाता आतूनच वाकली आणि उंबऱ्याजवळच्या कुंडीत ओतत राहिली, गरजेपेक्षा जास्त. कुंडीच्या बुडातून पाणी निघाले, पायरीवर पसरले आणि दगड काळा झाला.

एलित्सा निघाली तेव्हा योर्दान्काने असेच पायरीवर पाणी ओतले होते – प्रवास पाण्यासारखा सुरळीत होवो म्हणून. सगळे ओततात, जाणारा ते ओलांडून जातो. ल्युबेनच्या वेळी हीच झारी घेऊन पेन्को दारात उभा होता. आणि मी म्हणाले, पाण्याने काय होणार, कुणीतरी घसरेल. पेन्कोने ते पाणी जिरेनियमला घातले. ल्युबेन कोरड्या पायरीवरून गेला. मागे वळून पाहिले की नाही, हे मला आठवत नाही, कारण मी तेव्हा त्याच्या बॅगा मोजत होते.

“बाई!” भिंतीपलीकडून गेत्सोचा आवाज आला. “झाले का चाळीस?”

“एक अर्ज अर्धवट राहिलाय, गेत्सोदादा.”

“कुणाचा?”

तिने झारी दुसऱ्या हातात घेतली. पलीकडे मिरच्यांवरचे झाकण उघडल्याचा आवाज आला आणि करपट, गोड वास इकडे पसरला.

“सावकाश भरा,” तो म्हणाला, जरा वेगळ्याच आवाजात. “शाईचं आहे ते. खोडता येत नाही.”

झारी हातात घेऊन झ्लातका उंबऱ्याच्या आत उभी राहिली. बाहेर जायचे तर ओल्यावर पाय टाकावा लागणार होता, किंवा ते ओलांडावे लागणार होते. हे नुसते पाणी आहे, तिने स्वतःला सांगितले, कुंडीतून आलेले. तरीही पाय उचलेना. मग सवयीने ती अंदाज बांधू लागली: ऑक्टोबरचे तिरपे ऊन, जुना चुनखडीचा दगड, वारा जवळजवळ नाही – वीस मिनिटे, फार तर पंचवीस. काठाकडून ओल मागे सरू लागली होती. ती टक लावून त्या आकसत जाणाऱ्या कडेकडे पाहत राहिली, आणि पायरी लवकर वाळावी असे आपल्याला वाटते आहे की वाळूच नये असे, हे आपल्याला माहीत नाही, एवढेच तिच्या लक्षात आले. आणि पुष्कळ वर्षांत पहिल्यांदाच तिने घड्याळाकडे पाहिले नाही.