माझ्या पोटाखालची हवा

मित्रांनो, मी एका माणसापुरता बांधलेला हॉवरक्राफ्ट आहे, म्हणजे चिखल-पाण्यावरून हवेवर तरंगत धावणारं वाहन. आता जुना झालो आहे. होड्या दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने मला खाडीकाठच्या शेडमध्ये घडवलं. माझ्या मागे एकच पंखा आहे आणि त्याच्या वाऱ्यात एक आडवी फळी. फळीखालची हवा माझ्या पोटाखाली शिरते, कडेभोवतीच्या कापडी झालरीत कोंडते आणि मला वर उचलते. फळीवरची हवा मागे सुटते आणि मला पुढे ढकलते. झालर कारागिराच्या बायकोने शिवली. झालरीचे कप्पे तिने वेगवेगळे ठेवले, एक फाटला तरी बाकीच्यांनी मला धरून ठेवावं म्हणून.

काठावरचे लोक माझ्या वेगाचं कौतुक करत. झालरीकडे कुणी बघत नसे. कौतुकाने कारागीर हरखला आणि त्याने फळी दोन बोटं खाली सरकवली, म्हणजे मागे जास्त हवा.

"अहो, पोटाला कमी पडेल," बायको म्हणाली.

"तू शिवण बघ," तो म्हणाला.

शेडसमोरच्या सिमेंटच्या उतारावर मी सुसाट पळालो. मलाही चढली होती, हे लपवत नाही.

मग एका सकाळी बायकोचा भाऊ शिंपले वेचताना कमरेपर्यंत चिखलात रुतला. भरतीचं पाणी चढू लागलं होतं. कारागीर माझ्यावर बसला आणि त्याने मला चिखलात घातलं. मऊ चिखलावर पोटाला हवा कमी पडली, झालर घासली, आत दुमडली आणि मी नाक खुपसून बसलो. कारागीर उतरला, तर तोही गुडघ्यापर्यंत गेला.

मेहुणा समोरच होता. म्हणाला, "भाऊजी, न्यायला आलात की सोबतीला?"

दोघांना बायकोनेच काढलं. शेडचं दार उखडून ती त्यावर पालथी पडून सरकत आली. चिखलासाठी जन्मलेला मी तिथेच राहिलो आणि माझ्यावरून पाणी गेलं.

आता फळी पुन्हा जागेवर आहे, झालर शिवली आहे, पण मला कुणी सुरू करत नाही. परवा मेहुण्याने गमतीत विचारलं, "बसू का?" कारागिराने मान खाली घातली. "आधी हिला बघू दे," तो म्हणाला. ती गुडघ्यावर बसली आणि एकेका कप्प्यात हात घालून बघू लागली. मला तोंड लपवायलाही जागा नव्हती.

मित्रांनो, यंत्र धावताना टाळ्या जरूर वाजवा, पण त्याआधी एकदा वाकून त्याच्या खाली बघा. आणि खालचं काम करणारं माणूस काही सांगत असेल, तर यंत्र बंद करून ऐका.