उंटामागचे शहाणे

मी एक म्हातारी उंटीण आहे, मित्रांनो, आणि सध्या रागात आहे. सध्या म्हणजे गेली काही वर्षे. उंटाला राग सावकाश येतो आणि तो जातो त्याहून सावकाश. मधल्या काळात आम्ही रवंथ करतो, म्हणून लोकांना वाटते की आम्ही शांत आहोत.

माझे नाव अकबोता, म्हणजे पांढरे पिल्लू. मी पांढरी नाही, आणि पिल्लू म्हणवून घ्यायला माझ्या गुडघ्यांचा आक्षेप आहे. पण किझिलकुमच्या वाळवंटात जन्मले त्या दिवशी मी तशी होते, आणि माझ्या मालकिणीने, उलबोसिन आपाने, ठेवलेले नाव बदलायची कुणाची छाती नाही. तिच्या स्वतःच्या नावाचा अर्थ आहे 'मुलगा होऊ दे'. त्यामुळे नावाविषयी तक्रार करणाऱ्यांच्या रांगेत मी तिच्या मागे उभी आहे.

तरुणपणी मी आख्खे घर पाठीवर वाहिले. तंबूची लाकडे, लोकरीचे जाड नमदे, कढई, एकदा तर आपाची सासू. मग ट्रक आला आणि माझे ओझे त्याने घेतले. दूध मात्र मीच देत राहिले, कारण ट्रकला ते जमले नाही.

वसंतात माझी लोकर सुटू लागते. आपा ती हाताने उपटते, पण कुशीवरचा एक पट्टा मुद्दाम ठेवते. तो पाखरांचा वाटा. झोर्गा नावाचा एक राखाडी पक्षी, गळ्याखाली काळा डाग असलेला, तो वाटा न्यायला येतो. पंख असूनही तो दुडक्या चालीच्या घोड्यासारखा वाळूवरून पळत येतो. तो लोकर ओढतो तेव्हा दुखते. मी हलत नाही. ती लोकर तो साक्सौलच्या झुडपातल्या घरट्यात अंथरतो, आणि त्याची पिल्ले माझ्या लोकरीच्या गादीवर जन्मतात. आता सांगा, मी त्यांची कोण झाले?

एका वसंतात शहरातून दामिर आला. त्याच्या कॅमेऱ्याला वासराच्या तंगडीएवढे भिंग होते. पाखरे माणसाला भितात, उंटाला भीत नाहीत, हे त्याला कुणीतरी सांगितले होते. त्याने कॅमेरा माझ्या दोन वशिंडांच्या मध्ये पट्ट्यांनी आवळला, बटणाची लांब तार हातात धरली, आणि स्वतः माझ्यामागे लपला. मी एवढी वर्षे पाखरांचा विश्वास कमावला होता. तो त्याने न विचारता वापरायला घेतला.

आपाचा नवरा नुरपेइस याने त्याला हवे ते दिले. पाहुण्याला नाही म्हणणे त्याला येतच नव्हते. दामिर त्याला 'आक्साकाल' म्हणायचा, म्हणजे पांढऱ्या दाढीचे थोर गृहस्थ. नुरपेइसला दाढी नाही. आपा दामिरला रीतीप्रमाणे अर्धी अर्धी वाटी चहा देत राहिली. अर्धी वाटी म्हणजे बसा, अजून ओततो. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे प्या आणि उठा. तशी वाटी त्या घरात कुणी पाहिली नव्हती.

दामिरने माझे फार कौतुक केले. "ही उंटीण नाही हो, दगड आहे दगड," तो म्हणाला. त्याने माझा पुढचा पाय गुडघ्यात दुमडून दोरीने बांधला होता. तसे त्याला बांधले असते तर तोही दगडच झाला असता.

घरट्यात नुकतीच पिल्ले निघाली होती. वरच्या फांद्यांची सावली त्यांच्या अंगावर पडत होती आणि फोटोत येत होती. दामिरने खिशातून छाटणीची कात्री काढली.

"अरे, ती सावली आहे त्यांची," नुरपेइस हळूच म्हणाला.

"फांदी आहे, आक्साकाल. परत फुटेल."

त्याने फांद्या कापल्या. मी हंबरले, ओरडले, तोंडाला फेस येईपर्यंत ओरडले. तेव्हा तो म्हणाला, "हिला गप्प करा ना कुणीतरी. पक्षी घाबरतील."

हे वाक्य मी अजून चघळते आहे, मित्रांनो. ते पचत नाही.

फोटो झाला, तो गेला. ऊन मात्र गेले नाही. आपा दुसऱ्या दिवशी लोकर वेचत तिकडे पोचली, तेव्हा पिल्ले माझ्या लोकरीवर वाळून पडली होती. त्यांची आई चोचीत अळी धरून झुडपाभोवती पळत होती. अळी कुणाला द्यावी, तिला कळत नव्हते.

त्या फोटोला शहरात बक्षीस मिळाले. लोक म्हणाले, काय जिवंत फोटो आहे. फोटो जिवंत होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दामिरने त्याची मोठी प्रत पाठवली. कोपऱ्यात माझा डावा कान आला आहे. कानाला बक्षीस नाही. आपाने ती प्रत पालथी करून दुधाच्या बादलीवर झाकण म्हणून ठेवली. नुरपेइस पुटपुटला की अगं, बक्षीसपात्र फोटो आहे तो.

"मग बरंच झालं," आपा म्हणाली. "माश्या दूध सोडून बक्षीसच बघत बसतील."

पुढच्या वर्षी दामिर परत आला, सोबत आणखी तिघे शहाणे घेऊन. झोर्गाने नवे घरटे केले होते. त्याची जागा नुरपेइसने सांगून टाकली, कारण पाहुण्याने विचारली होती.

आपा तंबूमागे त्याला म्हणाली, "पाहुणा चुलीपर्यंत. घरट्यापर्यंत नाही."

"दारात आलेल्याला नाही कसं म्हणू? माझ्या बापाने कधी म्हटलं नाही."

"तुमच्या बापाच्या दारात माणसं यायची."

नुरपेइस मला आणायला उठला. दामिर म्हणाला, पाय नीट बांधा. आपा म्हणाली, मी बांधते. ती माझ्या गुडघ्याशी बराच वेळ वाकून होती. तिने दोरी गुडघ्याला नुसती गुंडाळली, बांगडीसारखी. पाय मोकळाच होता. "तुझं तू बघ," ती माझ्या कानात म्हणाली. त्याच डाव्या कानात.

चौघे माझ्यामागे वाकून उभे राहिले. कुणीही बाहेर यायचे नाही, पक्षी बघेल, असे दामिरने बजावले. समोर घरटे, घरट्यावर फांदी, फांदीची सावली. दामिरचा हात खिशाकडे गेला.

मी चालू लागले.

पळाले नाही. पळाले असते तर त्यांना अक्कल आली असती. मी सावकाश वळले आणि चालले, आणि माझ्यामागे चार शहाणे वाकून चालले. कॅमेरा माझ्या पाठीवर, तार दामिरच्या मुठीत, सोडणार कसे? "थांब गं बाई, थांब," तो कुजबुजत होता. एक टेकडी गेली, काट्याचे रान गेले, खारट चिखल आला. मी तो टाळला नाही. एकाने विचारले की आता सरळ उभे राहिले तर चालेल का. "नको, पक्षी बघेल," दामिर म्हणाला. तोवर आम्ही इतके लांब आलो होतो की दामिरला बघायला पक्ष्याला दामिरचेच भिंग लागले असते. ओढाताणीत बटण दाबले जात होते आणि कॅमेरा आपल्या परीने फोटो काढत होता. आभाळ, माझे वशिंड, पुन्हा आभाळ.

मी तंबूच्या दारात थांबले. आपा चहा ओतत होती.

"चौघं वाकून का आलात?" तिने विचारले. "आमचं दार एवढं ठेंगणं नाही."

दामिर कंबर धरून सरळ झाला आणि नुरपेइसला म्हणाला, "आक्साकाल, तुमची उंटीण बिघडलीय. दुसरी द्या. ऊन चढायच्या आत घरट्यापाशी परत जायचंय."

नुरपेइसने माझ्या गुडघ्यावरची बांगडी पाहिली. मग बायकोकडे पाहिले. मग बादलीवरच्या झाकणाकडे. त्याने आपाच्या हातातून किटली घेतली. त्या घरात पुरुषाने किटली धरलेली मी प्रथमच पाहिली. त्याने दामिरची वाटी भरली. अर्धी झाली, तो थांबला नाही. काठाला आली, तरी थांबला नाही. चहा काठावरून दामिरच्या बोटांवर आला तेव्हा कुठे त्याने किटली ठेवली.

शहरात राहिला तरी दामिरला एवढे कळत होते. त्याने चहा प्यायला नाही. चौघे उठले.

मित्रांनो, फोटो जरूर काढा. पण फांदी तुमच्या डोळ्यांच्या आड येत असेल, तर ती कुणाच्या तरी डोक्यावर आहे हे विसरू नका. आणि उंटामागे लपू नका. उंट केव्हा चालू लागेल, सांगता येत नाही.

यंदाही झोर्गा आला आहे. आत्ता माझ्या कुशीतली लोकर ओढतो आहे. दुखते. पण माझे चारही पाय मोकळे आहेत, आणि मी हलत नाही.