डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी

मधुमतीने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "यांचं डोकं सगळ्यात चांगलं कधी चालतं?"

बाईंना नवऱ्याची फार काळजी, असं डॉक्टरांना वाटलं. त्यांनी समजावून सांगितलं. किडन्या निकामी झाल्या की मेंदूही मंदावतो, विसर पडतो. डायलिसिसच्या दिवशी माणूस पार गळून जातो, दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यातल्या त्यात हुशारी असते.

उमाकांतचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असायचं. मधुमतीने बुधवार ठरवला.

सत्तावीस वर्षांपूर्वी विमा कंपनीतली बदली होऊन ती दोघं जयपूरला आली, तेव्हा घरी फोन नव्हता. मिरजेहून तिच्या भावाने उमाकांतच्या ऑफिसात फोन केला. आई अत्यवस्थ आहे, ताईला लगेच पाठवा. उमाकांतने तो निरोप तीन दिवस पोटात ठेवला, कारण शनिवारी त्याचे साहेब जेवायला यायचे होते. मधुमतीने चौदा माणसांच्या पुरणपोळ्या लाटल्या. पाहुणे गेल्यावर त्याने सांगितलं. ती पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं.

परत आल्यावर तिने जाब विचारला, तर म्हणाला, "विसरलो गं. घरात पाहुणे होते."

यंदा होळीनंतर, शीतलाष्टमीच्या आठवड्यात त्याचा थोरला भाऊ सदाशिव कऱ्हाडला अंथरुणाला खिळला. त्याने मधुमतीच्या मोबाइलवर फोन केला. आवाज खोल गेला होता. "उमाला दे गं जरा."

"झोपलेत, भाऊजी."

उमाकांत पलीकडच्या खोलीत मोजून दिलेलं पाणी घोट घोट पीत बसला होता. सदाशिवने चार वेळा फोन केला. पाचवा फोन पुतण्याचा, अभिनवचा. "काकू, बाबा गेले. काकांना सांगाल ना?"

"सांगते," ती म्हणाली. पुढचे सोळा दिवस सांगितलं नाही.

त्या बुधवारी उमाकांतने स्वतःच दाढी केली, जयपूरच्या विद्याधर नगरातल्या घराच्या बाल्कनीत बसून पेपरातली बातमी मोठ्याने वाचली, एकही शब्द न अडखळता. मधुमती खुर्ची ओढून समोर बसली.

"सदाशिव भाऊजी गेले."

"कधी?"

"सोळा दिवस झाले. तुमच्याशी बोलायचं म्हणून चार वेळा फोन केला होता त्यांनी."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"विसरले. घरात पाहुणे होते."

दोन महिन्यांत त्या घरात कुणी फिरकलं नव्हतं. उमाकांत तिच्याकडे बघत राहिला. हळूहळू त्याचा चेहरा उतरला.

"मिरज," तो म्हणाला.

तिला एवढंच हवं होतं. तो बाल्कनीत हुंदके देत होता आणि ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्या दोन भाकरी जेवली. इतकी भूक तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

शनिवारी सकाळी त्याने विचारलं, "अगं, सदाशिवचा फोन नाही बऱ्याच दिवसांत?"

तिला आनंदच झाला. म्हणजे पुन्हा सांगता येणार होतं. तिने सगळं शब्दाला शब्द सांगितलं. तो पुन्हा रडला, त्याने पुन्हा विचारलं, का नाही सांगितलंस?

"विसरले. घरात पाहुणे होते."

ती वाट बघत राहिली. उमाकांतने डोळे पुसले आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "असू दे. तुझ्या डोक्याला तरी किती व्याप. तुझ्या आईला कळवलंस का? तिला सदाशिवचं फार कौतुक."

मधुमती ताडकन उठली. "कुठली आई?" ती ओरडली, आणि मिरजेचा निरोप, पुरणपोळ्या, ते तीन दिवस, सगळं त्याच्या अंगावर फेकलं. तो आ वासून ऐकत होता.

"तीन दिवस? तुला सांगितलंच नाही? कोण हलकट होता तो?"

"तुम्ही!"

त्याने तिची कीव आल्यासारखी मान हलवली. "छे गं. मी असं कसं करीन?"

त्यानंतरच्या प्रत्येक बुधवारी आणि शनिवारी ती त्याच्यासमोर बसली. सदाशिव आठवड्यातून दोनदा मेला, उमाकांत दोनदा रडला, पण मिरजेचं नाव त्याच्या तोंडून पुन्हा निघालं नाही. आषाढात एका सकाळी त्याने विचारलं, "सदाशिव कोण?"

मधुमतीने खुर्ची उचलली आणि आत नेऊन ठेवली.